ओळख ड्रोनची की ड्रोनचालकाची? ड्रोन नियम, २०२१ मधील नियम क्र. १२ ची चिकित्सा

प्रास्ताविक

भारत सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित केले. आपल्याकडे त्यांचे स्वागत मुख्यतः उद्योगाच्या अंगाने झाले. भरावयाच्या नमुन्यांची संख्या २५ वरून ५ वर आली, शुल्काचे ७२ प्रकार ४ वर आले, विमानतळाभोवतीचे 'पिवळे' क्षेत्र ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आले, याच गोष्टींची चर्चा वृत्तपत्रांनी केली आणि ती अयोग्य होती असे म्हणता येणार नाही. तथापि कोणताही नियम ही अखेर एक संहिताच असते. साहित्याच्या अभ्यासात संहितेला जे प्रश्न विचारले जातात (कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, काय सांगितले आहे, काय वगळले आहे) ते नियमांच्या संहितेलाही विचारता येतात. प्रस्तुत लेखात ड्रोन नियमांतील केवळ एका नियमाचे, म्हणजे क्रमांक १२ चे, या दृष्टीने वाचन केले आहे. आकाशातील यंत्राची ओळख पटविण्याची व्यवस्था आणि जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाचे खासगीपण यांतील ताण या एका नियमात एकवटलेला आहे, असे लेखकाचे मत आहे.

नियमाची पार्श्वभूमी

मे २०१४ मध्ये मुंबईतील एका पिझ्झा दुकानाने वरळीतील उंच इमारतीत ड्रोनद्वारे पिझ्झा पोहोचविला. त्याचे कौतुक झाले आणि पोलिसांच्या चौकशाही झाल्या. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचनेद्वारे ड्रोनच्या नागरी वापरास सरसकट मनाई केली. पुढे २७ ऑगस्ट २०१८ रोजी पहिली सविस्तर नियमावली निघाली व ती १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे तत्त्व तिने आणले. यात प्रत्येक उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या संगणकीय व्यवस्थेकडून परवानगी मिळाल्याखेरीज यंत्राचे पंखेच फिरू नयेत अशी योजना होती. १२ मार्च २०२१ रोजी मानवरहित विमान प्रणालींचे स्वतंत्र नियम आले. ते फारच जाचक असल्याची ओरड झाल्यामुळे अवघ्या साडेपाच महिन्यांत ते मागे घेऊन आजचे नियम आणले गेले.

या तीन संहिता शेजारी ठेवून वाचल्या असता एक बाब लक्षात येते. २०१८ च्या नियमावलीत कोणाच्याही खासगीपणाचा भंग होणार नाही याची जबाबदारी ड्रोन चालविणाऱ्यावर टाकलेली होती. मार्च २०२१ च्या नियमांतही चित्रण करताना व्यक्तीच्या व तिच्या मालमत्तेच्या खासगीपणाची काळजी घेण्याचे बंधन होते. ऑगस्ट २०२१ च्या नियमांत मात्र खासगीपणासंबंधी स्वतंत्र नियम उरला नाही. जाचक अटी काढताना ही अटही जाचकांच्या रांगेत बसली असावी. खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता. त्या निर्णयाला चार वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे नियम अधिसूचित व्हावेत, हा योगायोगच म्हणावयाचा.

क्रमांक १२ काय म्हणतो

या नियमाने केंद्र सरकारला असा अधिकार दिला आहे की, अधिसूचना काढून ते ड्रोनमालकांना काही सुरक्षा-साधने बसविण्यास सांगू शकेल. त्यांत तीन साधनांचा उल्लेख आहे. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' ही यंत्रणा, ठरवून दिलेल्या सीमेबाहेर ड्रोन जाऊ न देणारे भू-कुंपण, आणि ड्रोनचे स्थान, उंची, वेग व विशिष्ट ओळख क्रमांक कळविणारा बीकन, म्हणजेच तत्क्षण मागोवा देणारा संकेतक. अंमलबजावणीसाठी मालकांना किमान सहा महिन्यांची मुदत दिली जावी असेही त्यात आहे.

येथे तीन गोष्टी नोंदविणे आवश्यक वाटते. पहिली, नियमाने बंधन घातलेले नाही, बंधन घालण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. विधिमंडळासमोर अथवा जनतेसमोर नव्याने चर्चा न होता एका अधिसूचनेने ही व्यवस्था उभी राहू शकते. दुसरी, ही यादी बंद नाही. या साधनांचा 'अन्य साधनांसह' समावेश होऊ शकेल अशी तिची रचना आहे. म्हणजे उद्या चालकाचे स्थान कळविणारे साधनही यात विनासायास बसू शकते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. संकेतक 'कळवितो' असे नियम सांगतो, पण कोणाला कळवितो हे सांगत नाही. वाक्याला कर्ता आहे, कर्म आहे, परंतु संप्रदान नाही. शाळेत चतुर्थी विभक्ती शिकविताना आपण देणे, सांगणे, कळविणे या क्रियापदांचीच उदाहरणे देतो आणि 'कोणाला?' असा प्रश्न विचारावयास सांगतो. तो प्रश्न येथे विचारला की नियमाची सर्व मोघमता उघडी पडते. महासंचालनालयाला कळवावयाचे, पोलिसांना कळवावयाचे, की ज्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे अशा रस्त्यावरील कोणालाही? या तीन उत्तरांतून तीन अगदी भिन्न व्यवस्था निर्माण होतात.

अमेरिकेतील वाद

यांपैकी तिसरे उत्तर अमेरिकेने निवडले. तेथील संघीय विमान प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये काढलेल्या मसुद्यात ड्रोनची माहिती इंटरनेटद्वारे एका जाळ्याकडे पाठविण्याची कल्पना होती. त्यावर ५० हजारांहून अधिक अभिप्राय आले. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम नियमातून इंटरनेटची अट वगळली गेली व तिच्या जागी स्थानिक प्रक्षेपण आले. ड्रोन आपली माहिती वाय-फाय अथवा ब्लूटूथच्या लहरींवरून सभोवार सोडीत राहील आणि जवळपासचा कोणीही ती साध्या भ्रमणध्वनीवर वाचू शकेल. १६ सप्टेंबर २०२३ पासून ही अट चालकांना लागू झाली व सवलतीचा काळ संपून १६ मार्च २०२४ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. या माहितीत ड्रोनचा क्रमांक, स्थान, उंची आणि वेग यांच्या जोडीने नियंत्रकाचे, म्हणजे प्रत्यक्ष चालक जेथे उभा आहे त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. जुन्या ड्रोनला वेगळे उपकरण जोडले असल्यास उड्डाण जेथून झाले ती जागा कळते.

या नियमाला रेसडेक्वाड्स या ड्रोन-साहित्य विकणाऱ्या संस्थेने न्यायालयात आव्हान दिले. चालकाचे स्थान सतत जाहीर करणे म्हणजे वॉरंटाविना झडती होय, असा तिचा युक्तिवाद होता. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने २९ जुलै २०२२ रोजी तो फेटाळला. उघड्या आकाशात यंत्र उडविणाऱ्याने उड्डाणाच्या काळापुरते आपले स्थान झाकलेले राहील अशी अपेक्षा करणे वाजवी नाही, असे न्यायालयाने मानले. चालकाचे नाव-पत्ता प्रक्षेपित होत नाही, तो प्रशासनाच्या नोंदवहीतच राहतो, हेही न्यायालयाने विचारात घेतले. मात्र विशिष्ट प्रसंगी या माहितीचा गैरवापर झाला तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग त्याने बंद केलेला नाही.

या निकालाच्या समर्थनार्थ मोटारीच्या क्रमांकपट्टीचे उदाहरण हटकून दिले जाते. क्रमांक सर्वांना दिसतो, मालक परिवहन कार्यालयाला ठाऊक असतो, मग ड्रोनलाच वेगळा न्याय का? उदाहरण सोयीचे आहे, पण ते अर्ध्यावर तुटते. मोटारीचा चालक मोटारीतच बसलेला असतो. क्रमांकपट्टी त्याच्याविषयी डोळ्यांना दिसते त्याहून अधिक काही सांगत नाही, आणि प्रसंग पडला तर तो वेग वाढवून निघून जाऊ शकतो. ड्रोनचालक यंत्रापासून कित्येक मीटर दूर, बहुधा एकटा, पायी, दोन्ही हात नियंत्रकात गुंतलेले आणि नजर आकाशाकडे अशा अवस्थेत असतो. यंत्राचा क्रमांक जाहीर करणे ही ओळख झाली, तर चालकाची जागा जाहीर करणे म्हणजे त्याच्यापर्यंतची वाट दाखविणे झाले. अमेरिकी न्यायालयाने या भेदाला जितके वजन दिले त्याहून अधिक ते देणे आपल्याला भाग आहे, आणि त्याचे कारण आपल्या समाजस्थितीत आहे.

रात्रीचे ड्रोन आणि जमाव

२०२४ च्या जून-जुलै महिन्यांत पुणे, बीड, जालना इत्यादी जिल्ह्यांतील अनेक गावांवरून रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या तक्रारी आल्या. चोर घरांची टेहळणी करतात अशी भीती पसरली. गावकऱ्यांनी रात्र-रात्र जागून गस्त घातली. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचा विषय जुलै महिन्यात विधिमंडळातही निघाला. ओळख-संकेतकाच्या बाजूने याहून प्रबळ पुरावा शोधण्याची गरज नाही. डोक्यावरून जाणारे यंत्र कोणाचे आहे हे विचारण्याचा हक्क घरात झोपलेल्या माणसाला असलाच पाहिजे. ड्रोनचालकांच्या संघटना जेव्हा ओळखीच्या प्रत्येक अटीला हेरगिरी म्हणतात, तेव्हा खाली राहणाऱ्याचेही खासगीपण असते हे त्या विसरतात.

परंतु याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहावी लागेल. समजा, त्या रात्रींत प्रत्येक ड्रोन आपल्या चालकाचे अक्षांश-रेखांश जाहीर करीत असता, तर भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या त्या ठिपक्याकडे सर्वप्रथम कोण पोहोचले असते, पोलीस की काठ्या घेतलेला जमाव? हा प्रश्न सोलापूर जिल्ह्याला तरी कल्पनेतला वाटू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी होते व त्यांतील बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातून पोटासाठी तेथे गेलेले होते. त्यांचा अपराध एवढाच की ते परगावचे होते. परगावचा माणूस, हातात न कळणारे यंत्र, नजर वर आणि मागे उभी केलेली मोटार, असे आज ड्रोनचालकाचे रूप आहे. पिकांची पाहणी करणारा, रस्त्याचे मोजमाप घेणारा अथवा भूमी अभिलेख विभागाच्या गावठाण मोजणीसाठी आलेला माणूसही दुरून असाच दिसतो. अशा माणसाचा ठावठिकाणा सर्वांसाठी खुला करणारी सुरक्षा-व्यवस्था नेमकी कोणाला सुरक्षित करते, याचे उत्तर नियम लिहिणाऱ्यांनी दिले पाहिजे.

यात स्त्रियांचा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना शेतीसाठी ड्रोन देण्याचे, व त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांचे, नियोजन करण्यात आले. उसावर फवारणी करणारी बचत गटातील स्त्री भल्या सकाळी, वारा पडलेला असताना, दुसऱ्याच्या गावातील मोकळ्या शिवारात काम करते. ती या क्षणी कोठे उभी आहे हे परिसरातील कोणत्याही भ्रमणध्वनीवर उमटावे, अशी व्यवस्था करण्यापूर्वी तिला एकदा विचारले गेले पाहिजे.

लष्करी संदर्भात हा धोका जगाने पाहिलेलाच आहे. चीनच्या डीजेआय कंपनीचे ड्रोन आपली व चालकाची जागा एका संदेशाद्वारे प्रक्षेपित करीत व तो टिपण्यासाठी कंपनी एरोस्कोप नावाचे उपकरण विकत असे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात यावरून वादळ उठले. हा संदेश सांकेतिक स्वरूपात झाकलेला नाही, कोणीही तो उकलू शकतो, हे जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. एकदा हवेत सोडलेली माहिती केवळ योग्य माणसालाच ऐकू जाईल, ही समजूत त्यानंतर टिकत नाही.

'गोपनीयता' या शब्दाविषयी

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. खासगीपणासाठी आपल्या शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत 'गोपनीयता' हा शब्द रूढ झाला आहे. प्राध्यापकवर्गाला हा शब्द 'गोपनीय अहवाल' या प्रयोगातून चांगलाच परिचित आहे. तेथे त्याचा अर्थ ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच न दाखविण्याचा मजकूर असा होतो. म्हणजे गोपनीयता ही सत्तेची सोय झाली. व्यक्तीच्या हक्कासाठी तोच शब्द वापरला की त्याला लपवाछपवीचा वास येतो आणि 'ज्याने काही केले नाही त्याला लपवायचे काय?' हा प्रश्न आपोआप पुढे येतो. ड्रोनचालकाची मागणी ओळख लपविण्याची नाही. त्याचे नाव, पत्ता, यंत्राचा अनुक्रमांक हे सर्व नोंदणीच्या वेळीच शासनाकडे जाते. शिवाय ओळख क्रमांक उड्डाण-नियंत्रक भागाच्या व जमिनीवरील नियंत्रकाच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो. त्याची मागणी आपण कोठे उभे आहोत हे परक्याला न कळण्याची आहे. तिला 'खासगीपण' हाच शब्द योग्य. परिभाषा चुकली की हक्काची मांडणीच आरोपीच्या पिंजऱ्यातून करावी लागते, आणि आपल्या विद्यापीठीय परिभाषाकोशांनी या बाबतीत फारशी मदत केलेली नाही.

पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपणावर मर्यादा घालण्यासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरता अशा कसोट्या सांगितल्या आहेत. क्रमांक १२ च्या संकेतकाला पहिल्या दोन लागू करण्यात फारशी अडचण नाही. नियम आहे, आणि हवाई सुरक्षेचा हेतू वैधच आहे. अडचण तिसरीत आहे. तेच उद्दिष्ट कमी घुसखोरीने साध्य होत असेल, तर अधिक घुसखोरी प्रमाणशीर ठरत नाही. यंत्राचा क्रमांक व स्थान सर्वांना दिसावे आणि चालकाचे स्थान केवळ प्राधिकृत अधिकाऱ्याला, तेही कोणी व केव्हा पाहिले याची नोंद ठेवून, मिळावे, अशी दुहेरी रचना तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. गावकऱ्याला क्रमांक कळला की तो ठाण्यात तक्रार करू शकतो. त्याला चालकाच्या दारापर्यंत नेण्याची आवश्यकता नाही. भारतीय नियमाने आज तरी यादीत चालकाचे स्थान घातलेले नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. ती हेतुपुरस्सर आहे की अनवधानाने, हे संहितेवरून ठरविता येत नाही, आणि उघड्या यादीमुळे ती कायम राहील याची हमीही नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या ठिकाणी कितपत उपयोगी पडेल याविषयी लेखक साशंक आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठी शासनाच्या अधिसूचित यंत्रणांना त्यातून सूट देता येते, आणि ड्रोनची माहिती मागणारी यंत्रणा हेच कारण पुढे करणार हे उघड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अभिप्रायासाठी प्रसिद्ध झालेल्या नागरी ड्रोन विधेयकाच्या मसुद्यानेही आशा वाढविलेली नाही. नोंदणी, विमा, झडती आणि जप्ती यांवर तो मसुदा सविस्तर बोलतो. चालकाच्या माहितीचे काय करावे, ती किती दिवस ठेवावी, यावर बोलताना मात्र त्याचा हात आखडतो.

सोलापूरच्या आकाशात

आता हा सर्व विचार शुक्रवार पेठेसारख्या वस्तीवर उतरवून पाहू. येथील घरांच्या गच्च्या म्हणजे घराचाच उघडा भाग. उन्हाळ्यात पापड-कुरडया तेथेच वाळतात व रात्री माणसे तेथेच झोपतात. गच्चीवरून जाणारा कॅमेरा हा घरात डोकावणाराच असतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे आणि अक्षता सोहळ्याचे आकाशातून केलेले चित्रण आपण सर्वच हौसेने पाहतो. त्या चित्रात कोणाकोणाच्या गच्च्या आल्या, हा विचार सहसा मनात येत नाही. पंढरपूरच्या आषाढी वारीत गर्दीच्या नियंत्रणासाठी पोलीस ड्रोन वापरू लागले आहेत. त्याची उपयुक्तता मान्य करूनही, त्या चित्रणाचे पुढे काय होते हे विचारणे वारकऱ्यांच्या श्रद्धेच्या आड येत नाही.

दुसरीकडे याच पेठेतील लग्नसमारंभाचे चित्रण करणारा तरुण नियमांच्या कोणत्या कोपऱ्यात उभा आहे? होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे तो 'कार्यरत' विमानतळ असल्याविषयी शंका उरलेली नाही. नियमानुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात केवळ २०० फुटांपर्यंतचे आकाश हिरवे, म्हणजे परवानगीवाचून मोकळे आहे. ८ किलोमीटरच्या आत हिरवे क्षेत्रच नाही. शुक्रवार पेठ त्या आतल्या वर्तुळात येते. त्याखेरीज पोलीस अधीक्षक अथवा समकक्ष दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत कोणतेही क्षेत्र तात्पुरते 'लाल' ठरवू शकतो. म्हणजे अडीचशे ग्रॅमचे खेळणेवजा यंत्र दोनशे फुटांवर नेणारा हा तरुण परवानगी न घेता उडवील तर दंडास पात्र होतो आणि दंडाची कमाल रक्कम एक लाख रुपये आहे. अशा माणसाच्या दृष्टीने संकेतक हा केवळ ओळखीचा प्रश्न राहत नाही. तो स्वतःविरुद्ध पुरावा देणारे यंत्र खिशातून विकत घेण्याचा प्रश्न होतो. मग तो संकेतक बंद ठेवतो, आणि प्रामाणिकपणे नोंदणी करणारेच तेवढे दिसत राहतात. रात्री घिरट्या घालणारा चोर संकेतक बसवील अशी अपेक्षा तर कोणीच करीत नसावे.

आपल्या महाविद्यालयांशी या नियमांचा थेट संबंध आहे, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. नियमांनी शासनमान्य शैक्षणिक संस्थांना संशोधन व चाचणीसाठी प्रकार-प्रमाणपत्र, विशिष्ट ओळख क्रमांक, पूर्वपरवानगी आणि दूरस्थ वैमानिकाचा दाखला या चारही गोष्टींतून सूट दिली आहे. अट एवढीच की उड्डाण हिरव्या क्षेत्रात आणि संस्थेच्या स्वतःच्या आवारात अथवा ताब्यातील मोकळ्या जागेत व्हावे. सोलापूर शहरातील विमानतळाच्या ८ किलोमीटरच्या आत येणाऱ्या महाविद्यालयांना ही सूट कागदावरच राहते. त्यांच्या भूगोल विभागांना विद्यार्थ्यांना नकाशा-आरेखन शिकवावयाचे असेल तर ग्रामीण भागातील एखाद्या सहयोगी महाविद्यालयाच्या आवारात जावे लागेल. तेथे सूट मिळेल, पण सुटीच्या यादीत क्रमांक १२ च्या सुरक्षा-साधनांचा उल्लेख नाही. संकेतकाने ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक कळवावा असे नियम क्र. १२ सांगतो, आणि तो क्रमांक घेण्याची गरज नाही असे सुटीचा नियम सांगतो. उद्या अधिसूचना निघाली, तर महाविद्यालयाच्या त्या ड्रोनने कोणता क्रमांक प्रक्षेपित करावयाचा?